प्रार्थना म्हणून दाखव

अमेरिकन फुटबॉलचा आपला शेवटचा सामना नूरडाल कॉलेज सत्तेचाळीस विरुद्ध सहा असं हरलं. हरल्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. गावात बोलणं चाललं होतं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर स्कोगेन कुटुंब दिसताच ते बोलणं थांबलं.

"लोक हवेबद्दल बोलायला लागले, की समजायचं आपल्याबद्दल बोलत होते," गाडीत बसताना सिग्ने म्हणाली. "तिघांनी मला सांगितलं, आज बर्फ पडणार. बर्फ पडतच होता."

तिच्या भावाने, रोल्फने, गाडीची काच पुसली आणि तो मोठ्याने हसला. त्याची बायको जॅनिस हसली नाही. मागच्या सीटवर बसलेली त्यांची मुलगी मारितही हसली नाही.

घरी पोचल्यावर बायका स्वयंपाकघरात शिरल्या. रोल्फ आणि सिग्नेची आई बोर्गहिल्ड अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, पण लेफ्सेच्या तव्यापाशी ती दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नसे. उकडलेल्या बटाट्याची ती पातळ पोळी लांब चपट्या काठीने उचलायची, उलटायची आणि करपायच्या आत काढायची. पहिली पोळी नवऱ्याची. लोणी लावायचं, साखर भुरभुरायची, गुंडाळी करायची आणि टोर्स्टनच्या ताटात ठेवायची. पंचावन्न वर्षांत या क्रमात बदल झाला नव्हता.

"माझा भाऊ असता, तर आत्तापर्यंत दोन पळवून मोकळा झाला असता," ती तव्याकडे बघतच म्हणाली. "आयनारला खाण्याच्या बाबतीत धीर म्हणून नव्हता."

आयनारचा फोटो खिडकीशेजारी होता. खांद्यांवर जाड पट्ट्या, काखेत तो अंडाकृती चेंडू, वय वीस. या घरात त्याचं नाव असंच निघे, खाण्यापिण्याच्या ओघात. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तो मैदानावर पडला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला, एवढंच पुढच्या पिढ्यांना माहीत होतं.

मारितला त्याहून जास्त माहीत होतं. ती कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची. मार्चमध्ये विश्वस्तांनी फुटबॉल बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ब्याण्णव वर्षांचा इतिहास लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं. १९२१ साली ग्रीक शिकवणाऱ्या एका मास्तरांनी नियमांचं पुस्तक हातात धरून शेतकऱ्यांच्या अकरा मुलांना नांगरलेल्या रानात उभं केलं, तिथपासून. त्या अकरांत टोर्स्टनचे वडील होते. पुढे टोर्स्टन पस्तीस वर्षं कोच होता आणि त्याच्यानंतर रोल्फ बावीस वर्षं. दुष्काळात एकदा खेळणारे नऊच उरले, तेव्हा समोरच्या टीमने स्वतःची दोन मुलं उसनी दिली होती. युद्धाच्या तीन वर्षांत मैदानावर बटाटे लावले होते. हे सगळं तिने आवडीने लिहिलं होतं. १९५७ चं पान मात्र तिने चार वेळा लिहून चारही वेळा फाडलं होतं.

"तू बोललीस का बाबांशी?" मारितने आईला हळूच विचारलं.

"काल बोलले. म्हणाला, मंगळवारी गोठ्याचं दार दुरुस्त करायचंय." जॅनिसने लाटणं खाली ठेवलं. "गोठा विकून सहा वर्षं झाली, मारित."

"पुरे झालं हं तुमचं दोघींचं," सिग्ने म्हणाली. ती रोल्फहून तीन वर्षांनी लहान, आणि लहानपणापासून त्याची वकील. "माणसाचं आयुष्यभराचं काम काढून घेतलं, त्याला झोप नाही. एखादं नाव तोंडातून चुकीचं गेलं. त्यासाठी लगेच शहरात नेऊन डोक्याचे फोटो काढायचे?"

"आत्या, एखादं नाव नव्हतं ते."

कालच्या सामन्यात, तिसऱ्या डावात, रोल्फ बाकाकडे वळून ओरडला होता, "डेनी, आत जा!" टीममध्ये डेनी नावाचं कुणी नव्हतं. डेनी चौदा वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेला होता. तो प्रेक्षकांत चौथ्या रांगेत बसला होता, मांडीवर त्याची लहान मुलगी होती. नाव ऐकताच तो उभा राहिला. सवयीने. सगळ्या मैदानाने आधी डेनीकडे पाहिलं, मग रोल्फकडे. रोल्फ हातवारे करत होता, "चल, चल, लवकर!" शेवटी त्याच्या मदतनीस कोचने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं.

"तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकत नाही," जॅनिस म्हणाली. "तो आयुष्यात एकाच माणसाचं ऐकत आलाय."

तवा क्षणभर रिकामा राहिला. बोर्गहिल्डने काठीने मागच्या खोलीकडे खूण केली. "जा. तिकडे बसलाय. पण वीस मिनिटांत टेबलावर या, मांस थंड होतं."

*

टोर्स्टनने नातीची पावलं ओळखली आणि ती कशासाठी येते आहे तेही ओळखलं. मांडीवर घोंगडी घेऊन तो खिडकीतून मैदानाकडे बघत होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याची नजर शाबूत होती. गोलखांब अजून उभे होते. सोमवारी ते काढणार होते.

"बस," तो म्हणाला. "पुस्तक झालं का?"

"एक पान राहिलंय."

"कुठलं?" त्याने विचारलं, जरी त्याला विचारायची गरज नव्हती.

मारित स्टुलावर बसली. "आजोबा, तुम्ही तुमच्या सगळ्या वह्या ग्रंथालयाला दिल्यात. सत्तावन्नचीसुद्धा दिलीत."

"दिली."

"ती मी वाचणार हे तुम्हाला माहीत होतं."

त्याने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर एक कुत्रा बर्फात नाक खुपसत चालला होता. वहीतल्या त्या ओळी टोर्स्टनला पाठ होत्या. आयनार, दुसरा डाव, डोक्याला धक्का. प्रार्थना घेतली. आमेनसकट पूर्ण म्हटली. परत पाठवला.

त्या काळी मैदानावर डॉक्टर नसे. डोक्याला मार बसलेला मुलगा बाहेर आला की कोच त्याच्या हनुवटीला धरायचा आणि म्हणायचा, जेवणाआधीची प्रार्थना म्हणून दाखव. जुन्या देशातल्या भाषेतली, आजी-आजोबांनी बोटीतून बरोबर आणलेली. अडखळला तर बाकावर, पूर्ण म्हटली तर आत. टोर्स्टनच्या वडिलांवेळी असंच होतं, म्हणून टोर्स्टनवेळीही तसंच. त्याला ती पद्धत फार हुशारीची वाटायची. ही मुलं ती प्रार्थना दोन वर्षांची असल्यापासून दिवसातून तीनदा म्हणत आली होती, झोपेत उठवलं तरी त्यांनी म्हटली असती. त्यातच तिची सगळी चूक होती, आणि ती त्याला कळायला एक शनिवार लागला.

"मी ते पुस्तकात लिहिलं नाही," मारित म्हणाली. "लिहिणारही नाही, तुम्ही सांगाल तर. मला दुसरंच हवंय. मंगळवारी सकाळी शहरात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्यांनी तीन महिन्यांनी वेळ दिली. बाबा येत नाही म्हणतात. तुम्ही सांगितलंत तर येतील."

"तो ठीक आहे म्हणतो ना?"

"कशावरून ठीक आहे म्हणतात, माहितीये? मी म्हटलं बाबा, डॉक्टरांकडे चला. ते भांडी घासता घासता प्रार्थना म्हणायला लागले. सबंध म्हटली. म्हणाले, बघ, काही झालेलं नाही, कोचच्या परीक्षेत मी कधी नापास झालो नाही."

टोर्स्टनने डोळे मिटले. रोल्फ चार वर्षं त्याच्याच टीममध्ये खेळला होता. कपाळ पुढे करून समोरच्याला अडवायचं त्याला टोर्स्टननेच शिकवलं होतं. आयनारनंतर टोर्स्टनने सहा वर्षं ती परीक्षा घेतली नव्हती. मग एकदा घेतली, कारण सामना चुरशीचा होता आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मग पुन्हा घ्यायला लागला. स्वतःच्या मुलाची किती वेळा घेतली, ते त्याने वहीत लिहिलं नव्हतं.

"तुम्ही फक्त एवढंच सांगा, की त्या परीक्षेला अर्थ नाही."

"का नाही, असं तो विचारेल."

"मग सांगा."

"तुझी आजी टेबलावर असेल." त्याचा आवाज एकदम खाली गेला. "ती त्या दिवशी इथे नव्हती. शिक्षिकेचं शिकत होती, दीडशे मैलांवर. मी तिला सांगितलं, आयनार पडला आणि उठला नाही. एकदाच पडला. ती मला म्हणाली, मग तू तरी काय करणार होतास. आणि पुढच्या उन्हाळ्यात तिने माझ्याशी लग्न केलं."

मारित त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"बाबा परवा गाडी घेऊन निघाले आणि शेजारच्या परगण्यात पोचले," ती म्हणाली. "पेट्रोल पंपावरच्या बाईने आईला फोन केला. आजोबा, तुमच्याशिवाय कुणी नाहीये."

"मला जमणार नाही, पोरी."

ती उठली, घोंगडी त्याच्या गुडघ्यांवर नीट केली आणि निघून गेली.

*

टेबलावर सहा जण बसले. माना खाली झाल्या, प्रार्थना झाली, आणि बोर्गहिल्डने सवयीप्रमाणे लेफ्सेवरचं फडकं बाजूला केलं. पहिल्या पोळीकडे तिचा हात गेला तेवढ्यात रोल्फ म्हणाला, "कॉलेजने हातमोजे सोडून सगळं परत मागितलंय. शिट्टीसुद्धा. मी म्हटलं, शिट्टीत बावीस वर्षांची थुंकी आहे, धुऊन देऊ का?"

सिग्ने खदखदून हसली. टोर्स्टनही किंचित हसला. बोर्गहिल्डला बरं वाटलं. टेबलावर हसू असलं की जेवण पार पडतं.

"बटाटे दे, जॅनिस," रोल्फ म्हणाला. बटाटे घेतले, रस्सा घेतला. मग वर बघून म्हणाला, "कॉलेजने हातमोजे सोडून सगळं परत मागितलंय. शिट्टीसुद्धा."

या वेळी कुणी हसलं नाही. सिग्ने घाईने म्हणाली, "हो रे, थुंकीची शिट्टी. आई, मीठ कुठेय?"

"बाबा," मारित म्हणाली, "मंगळवारी सकाळी साडेसातला निघायचं. गाडी मी चालवते."

"कुठे?"

"डॉक्टरांकडे. आपलं बोलणं झालंय."

रोल्फने काटा खाली ठेवला. "बोलणं तुझं झालंय. माझं नाही."

"रोल्फ, नुसतं दाखवून यायला काय जातंय?" जॅनिस म्हणाली.

"काय जातंय? मार्चमध्ये टीम गेली. काल मैदान गेलं. आता डोकं गेलं म्हणून चिठ्ठी आणू का? गावात लावू दाराला?"

"मारित, सोड ना," सिग्ने मध्ये पडली. "त्याला दोन आठवडे झोपू दे. मी म्हणते, थंडीत माझ्याकडे शहरात येऊन राहू दे. मी एकटीच असते, खोल्या पडून आहेत."

"बघ," रोल्फ तिच्याकडे वळला, चेहरा निवळला. "या घरात एक तरी शहाणं माणूस आहे. येतो मी. पण हेन्री आज का नाही आला ग? कामावर आहे?"

बोर्गहिल्डने मुलीकडे पाहिलं. सिग्नेचा हात मिठाच्या भांड्यावरच राहिला होता. सिग्नेच्या नवऱ्याला, हेन्रीला, जाऊन दोन वर्षं झाली होती. शवपेटीच्या पुढच्या उजव्या कडीला रोल्फचा हात होता. स्मशानात सिग्नेला धरून तोच उभा होता.

"सिग्ने? काय झालं?"

"काही नाही," सिग्ने म्हणाली. तिने भांडं सावकाश टेबलावर ठेवलं. मग भावाकडे न बघता ती म्हणाली, "मारित, मंगळवारी मीपण येते."

"तूसुद्धा?" रोल्फने सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. आपण काहीतरी चुकलो हे त्याला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. बोर्गहिल्डने त्याचा हा चेहरा पूर्वी एकदाच पाहिला होता. पाच वर्षांचा असताना तो जत्रेत हरवला होता, तेव्हा. आणि तेव्हासारखाच आताही तो रडण्याऐवजी संतापला. खुर्ची मागे सरकवून उभा राहिला.

"माझं डोकं ठिकाणावर आहे. घ्या परीक्षा. बाबा, तुम्ही घ्या. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

टोर्स्टनने नजर रिकाम्या ताटाकडे वळवली.

"घ्या ना, कोच!"

घरात तो बापाला बाबा म्हणायचा आणि मैदानावर कोच. इतक्या वर्षांत त्याने कधी गल्लत केली नव्हती.

मग कुणी न सांगताच रोल्फने पाय जुळवले, हात छातीवर घेतला आणि प्रार्थना म्हटली. त्या भाषेतले चार शब्दसुद्धा त्याला कळत नव्हते, पण एकही शब्द घसरला नाही. चौपन्न वर्षांचा, पांढऱ्या केसांचा तो दांडगा माणूस शाळकरी मुलासारखा शेवटपर्यंत म्हणत गेला आणि आमेन म्हणून थांबला.

जॅनिसने श्वास सोडला. एवढं स्वच्छ ऐकल्यावर तिलाही क्षणभर वाटलं, काही झालेलं नसेल.

"झालं?" रोल्फ म्हणाला. "पास का नापास?"

सगळे टोर्स्टनकडे बघत होते. बोर्गहिल्डही बघत होती. हो म्हण, तिला वाटलं, म्हणजे जेवू. टोर्स्टनची दोन्ही हातांची बोटं टेबलाच्या कडेवर होती, आणि तो मुलाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"खाली बस, रोल्फ," तो म्हणाला.

"पास का नापास?"

"प्रार्थना आली म्हणून काही कळत नाही. काहीच कळत नाही." त्याची नजर बायकोवरून हलली नाही. "आयनारलाही आली होती."

बोर्गहिल्डला आधी शब्द ऐकू आले आणि अर्थ नंतर आला. रोल्फ कधी बसला, तिला कळलं नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"त्या दिवशी. दुसऱ्या डावात. डोक्यावर पडला, बाहेर आला. मी त्याची हनुवटी धरली. त्याने म्हटली. मी त्याला परत आत पाठवला." टोर्स्टन एकेक वाक्य वेगळं ठेवत होता. "चार चालींनंतर तो पुन्हा पडला. मी तुला एकदाच पडला म्हणून सांगितलं. दोनदा पडला, बोर्गहिल्ड. पहिल्यांदा पडला तेव्हा तो जिवंत होता, आणि माझ्यासमोर उभा होता."

"आजी," मारित म्हणाली. बोर्गहिल्डने हात वर करून तिला थांबवलं.

पंचावन्न वर्षं ती या माणसाबरोबर त्या प्रार्थनेला मान खाली घालत आली होती. रोज तीनदा. आजही घातली होती, जेवायला बसताना.

"सगळी म्हटली?" तिने विचारलं.

"सगळी."

"शेवटपर्यंत? आमेनसकट?"

"आमेनसकट. मी लिहून ठेवलंय."

बोर्गहिल्ड खिडकीशेजारच्या फोटोकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्या मुलाला त्याची चूक दाखवावी, तसा होता.

"आयनारने ती प्रार्थना जन्मात कधी शेवटपर्यंत म्हटली नाही, टोर्स्टन. अर्ध्यातच हात बटाट्यांवर जायचा. वडील रोज रागवायचे, आई रोज हसायची. आमच्या घरात त्याचं आमेन कुणी ऐकलेलं नाही." ती थांबली. "सगळी म्हटली, तिथेच कळायला हवं होतं. तो तो नव्हता. मला विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं."

टोर्स्टनने फोटोकडे पाहिलं. इतकी वर्षं तो स्वतःवर जो आरोप ठेवत आला होता, तो याच्यापेक्षा लहान होता.

बाहेर कुणीतरी रस्त्यावरचा बर्फ फावड्याने ओढत होतं. रश्शावर साय धरली होती. सिग्ने तोंडावर रुमाल धरून बसली होती. रोल्फ आईकडून बापाकडे आणि बापाकडून आईकडे बघत होता. सगळं त्याला कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. पण थोड्या वेळाने तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग माझं काय, कोच?"

"मला माहीत नाही," टोर्स्टन म्हणाला. "मला कधीच माहीत नव्हतं. तू डॉक्टरकडे जा."

रोल्फने मान डोलावली. "बरं."

मग मुलीकडे वळून त्याने विचारलं, "किती वाजता म्हणालीस?"

"साडेसात, बाबा."

"लिहून दे मला. कागदावर."

मारितने पिशवीतून कागद काढला. तिने मोठ्या अक्षरांत वेळ लिहिली. रोल्फने कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून हात दाबला.

"मी तुझ्याशेजारी बसेन," बोर्गहिल्ड त्याला म्हणाली. "मागच्या सीटवर. आता जेव."

तिने पहिली पोळी उचलली. लोणी लावलं, थेट कडेपर्यंत. साखर भुरभुरली. गुंडाळी केली. टोर्स्टनने सवयीने ताट किंचित पुढे सरकवलं.

तिचा हात त्याच्यासमोरून गेला आणि पोळी रोल्फच्या ताटात ठेवली गेली. मग दुसरी मारितला, तिसरी जॅनिसला, चौथी सिग्नेला. पाचवी तिने स्वतः घेतली आणि उरलेल्यांवर फडकं पुन्हा नीट घातलं.

टोर्स्टनने ताट होतं तिथे परत ओढून घेतलं. ते रिकामंच होतं. त्याने काही मागितलं नाही.